एकच प्रश्न दोनदा

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, तैलचित्राच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, तू लिहून दे, मी वाचून दाखवीन. नणंदेकडून भाषण लिहून घेणारी वहिनी जगात तू एकटीच असशील. मी हसून हो म्हटलं. तेव्हापासून रोज चेंबरमध्ये आले की कागद पुढे ओढते, वर ‘प्रिय’ लिहिते आणि थांबते. आज कोर्टाला सुट्टी आहे. खालचं कँटीन बंद आहे, जिन्यात कोणाची पावलं नाहीत, टायपिस्टच्या खोलीला कुलूप आहे. आज लिहून होईल असं वाटतंय. भाषण होईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

चित्र मी पाहून आले. बार असोसिएशनच्या सेक्रेटरींनी मुद्दाम बोलावलं, म्हणाले, मॅडम, घरच्या माणसाची नजर एकदा फिरलेली बरी. दादा छान दिसतो गं. त्याचं ते रुंद कपाळ, गाऊनचा डावा खांदा नेहमीसारखा घसरलेला, समोरचा काय बोलणार हे आधीच कळल्यासारखे बारीक केलेले डोळे, सगळं बरोबर उतरलंय. फक्त चित्रकाराने त्याच्या उजव्या हातात कागद दिलाय. मी म्हटलं, अहो, यांनी उलटतपासणीला उभं राहिल्यावर आयुष्यात कधी कागद हातात धरला नाही. चित्रकार डोकं खाजवत म्हणाला, “काय आहे मॅडम, रिकामा हात चित्रात बरा दिसत नाही. माणूस काहीतरी विसरल्यासारखा वाटतो.” सेक्रेटरी हसले. मीही हसल्यासारखं केलं. 

तुला आमच्या घरी पहिल्यांदा मी आणलं ते परीक्षेच्या अभ्यासासाठी. शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ आणि गुडघे जुळवून आपण दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. दादा नुकताच वकील झाला होता आणि त्याला अजून खरे साक्षीदार कोणी देत नव्हतं, म्हणून तो घरच्यांवर सराव करायचा. त्या दिवशी बिस्किटांचा डबा रिकामा निघाला. त्याने टेबलावरचं कापड खांद्यावर टाकलं आणि तुला साक्षीदार केलं. तू नुसती मान हलवून नाही-नाही म्हणत होतीस आणि तुझे दोन्ही गाल टम्म फुगलेले. “साक्षीदाराने तोंड उघडून उत्तर द्यावं,” असं तो गंभीरपणे म्हणाला आणि तू बिचारीने तोंड उघडलंस. तो तिथेच खाली बसला. आई म्हणाली, अरे, डबा काढून कोणी दिला ते तरी विचार. तो म्हणाला, “नाही आई. हवं ते उत्तर मिळालं की वकिलाने बसायचं. आणखी एक विचारायला गेलं की साक्षीदाराला सावरायला जागा मिळते.” त्या दिवसापासून तू खारूताई झालीस आणि काही वर्षांनी वहिनी. मी मैत्रीण आणली होती, त्याने ती परस्पर लांबवली, हे मी त्याला शेवटपर्यंत ऐकवत असे.

त्याच्या हाताखाली मी खालच्या कोर्टात वाढले. सकाळी निघताना तो गाडीत मला सांगायचा, साक्षीदाराचे हात बघ, तोंड मागाहून बघ. तो स्वतः टिपणं ठेवत नसे. आदल्या दिवशी सगळी कागदपत्रं वाचायचा, मग ती मिटून माझ्या मांडीवर ठेवायचा आणि मोकळ्या हातांनी उभा राहायचा. कोण कधी काय बोललं, कोणाच्या जबाबात कुठली ओळ आहे, सगळं डोक्यात. बार रूममध्ये म्हणायचे, यांच्यापुढे साक्षीदाराने पाणी मागितलं की समजायचं, खटला निकालात निघाला. मी बरीच वर्षं त्याच्या मागे बसून हे पाहिलं. मग एक दिवस तो म्हणाला, “तुझा आवाज वरच्या कोर्टाचा आहे. इथे आरडाओरडा लागतो आणि तुला त्या सिस्टरांनी पार बिघडवून ठेवलंय.” मला तेव्हा फार लागलं होतं. तुझ्याकडे येऊन रडलेही. पण त्याचं बरोबर होतं. मी अपिलांकडे वळले आणि तिथलीच झाले.

अपिलाचं काम कसं असतं हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही कधी विचारलं नाहीस. तिथे माणसं नसतात. खालच्या कोर्टात जे घडतं त्यातलं वर पोचतं ते फक्त टाइप केलेलं. कोणी रडलं, कोणी थबकलं, कोणी वकिलाऐवजी खिडकीकडे बघत उत्तर दिलं, यातलं काही येत नाही. नुसता प्रश्न, खाली उत्तर, पुन्हा प्रश्न. ते वाचता वाचता हळूहळू आवाज ऐकू यायला लागतात. न पाहिलेल्या माणसांचे आवाज. कोणी घोगरा, कोणी चिरका. निकाल लागला की ते आपोआप निघून जातात. माझ्या आजवरच्या सगळ्या नोकरीत, ही नोकरीच म्हणायची, असे किती आवाज आले नि गेले. ओळखीचा आवाज मात्र कधी आला नव्हता.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचं अपील मी घेतलंय, हे तुला ठाऊक आहे. मी सांगितलं तेव्हा तू फक्त “बरं” म्हणालीस आणि गॅस बंद करायला उठलीस. तुला तो खटला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू तिथे रोज हजर होतीस, पण मला सगळं क्रमाने लिहू दे. सवय आहे. बाई घरमालकांच्या वरच्या मजल्यावर राहत, तिथेच शिवत. घरमालकांना ती खोली परत हवी होती, दोघांचे खटके उडायचे, ते सगळ्या इमारतीला माहीत. एका संध्याकाळी म्हातारा जिन्यावरून पडून मेला. समोरच्या दारात राहणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं, या बाईंनी त्यांना ढकललं, मी पाहिलं. बाई म्हणतात, मी तेव्हा बहिणीकडे होते. बहिणीच्या शब्दाला कोर्टात काय किंमत असते ते तुला-मला कळतं. सगळा खटला त्या शेजाऱ्याच्या दोन डोळ्यांवर उभा होता. बचावाला दादा होता. बाईंना जन्मठेप झाली. त्या आता तुरुंगात चादरींना काठ शिवतात आणि त्यांची बहीण दर आठवड्याला माझ्या चेंबरबाहेरच्या बाकावर येऊन बसते. तिला मी कितीदा म्हटलं, तारीख लागली की कळवते, तुम्ही हेलपाटा घालू नका. ती म्हणते, असू दे, इथे बसलं की काहीतरी चाललंय असं वाटतं.

खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलं ते दुपारचं. जेवण झाल्यावर मी ते उघडलं. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी कोणावर तरी हसत होतं. आणि पहिल्याच पानाला दादा खोलीत आला. खरंच सांगते, कल्पना करते आहे असं समजू नकोस. तो कुठल्या शब्दावर थांबतो, कुठे चष्मा काढून पुसतो, कुठला प्रश्न मुद्दाम हळू आवाजात विचारतो, मला सगळं पाठ आहे. कागदावर फक्त ‘प्रश्न’ आणि ‘उत्तर’ होतं आणि मला दोन्हींमधला त्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या चेंबरमध्ये आला की तो ज्या खुर्चीत बसायचा, ती मी अजून हलवलेली नाही. तुला माहीत आहे ना, तो गेल्यापासून तिच्यावर कोणी बसत नाही, सरकारी वकीलसुद्धा आला तर उभ्यानेच बोलतो. त्या दुपारी मी ती खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली. थोड्या वेळाने परत सरळ केली. पाठ फिरवून बसलेला दादा मला त्याहून नको होता.

सुरुवातीची पानं सुंदर आहेत. त्याने शेजाऱ्याला अलगद चालवत नेलंय. तुम्ही दारात होता का, हो. जिन्यावरचा दिवा लागला होता का, तो महिनाभर बंदच होता. मग संध्याकाळी तिथे उजेड कुठून येतो, फारसा येत नाही. मग बाईंना कशावरून ओळखलंत, त्यांच्या कोटावरून, तो हिरवा कोट त्यांनी स्वतः शिवलेला आहे. चेहरा दिसला? नाही साहेब, चेहरा दिसला नाही. मी वाचता वाचता खुर्चीत मोठ्याने “बस” म्हणाले. आता दादा बसणार. संपला होता गं खटला. तसला कोट दुसऱ्या कोणाकडेही असू शकतो, बाई लोकांचेच कपडे शिवतात.

तो बसला नाही. पुढे त्याने शेजाऱ्याला त्याच्या नोकरीबद्दल विचारलं. मग इमारतीच्या गच्चीबद्दल, जिचा कशाशी काही संबंध नाही. मग कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर पुन्हा, तुम्ही दारात होता का. दिवा लागला होता का. शब्द तेच, क्रम तोच, जणू हा साक्षीदार आत्ताच पिंजऱ्यात आलाय. आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न, तुम्हाला चेहरा दिसला होता का. दुसऱ्यांदा संधी मिळालेला माणूस काय करतो ते दादाच आपल्याला बिस्किटांच्या डब्यापासून सांगत आला होता. शेजारी म्हणाला, हो साहेब, दिसला. त्या वळल्या तेव्हा समोरच्या खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. न्यायाधीशांनी निकालात नेमकं हेच लिहिलंय, की साक्षीदाराने चेहरा पाहिल्याचं बचावाच्याच प्रश्नाला उत्तर देताना स्पष्ट केलं, तेव्हा आधीचा संशय उरत नाही.

मी त्या खटल्यातल्या सरकारी वकिलाला भेटले. भला माणूस आहे, दादाचा भक्त. मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी काही खटकलं नाही? तो म्हणाला, “मॅडम, खरं सांगू? आम्ही जाम घाबरलो होतो. साहेब तोच प्रश्न परत विचारतायत म्हणजे काहीतरी मोठा डाव टाकतायत, एवढंच वाटत होतं. मी सगळी संध्याकाळ डोकं फोडलं, हा डाव काय असेल म्हणून.” न्यायाधीशांनाही तेच वाटलं असणार. दुसरा कोणी असता तर त्याला चटकन थांबवलं असतं, वकीलसाहेब, हे विचारून झालंय. दादाला कोण थांबवणार. त्याची कीर्तीच आड आली.

मग मी तुरुंगात गेले. बाई बारीक झाल्यात, पण हात शांत आहेत. दादाबद्दल एक वावगा शब्द नाही. म्हणाल्या, साहेबांनी खूप केलं, आमचं नशीब. आणि मग सहज, हसत हसत, एक गोष्ट सांगितली. निकालाच्या आधी एकदा दादा पिंजऱ्याजवळ आला आणि त्यांना म्हणाला, “आपण कोणाच्या नातेवाईक?” बाई म्हणाल्या, मला वाटलं, साहेब माझी परीक्षा घेतायत. सरकारी वकील असंच काहीतरी उलटसुलट विचारतील, मी गडबडू नये म्हणून सराव करून घेतायत. म्हणून मी ठामपणे सांगितलं, मी आरोपी आहे. मी हसू आणायचा प्रयत्न केला. बाहेर येऊन गाडीत बसले आणि किल्ली फिरवायचं सुचेना.

आता तुझ्याबद्दल. रेकॉर्डमध्ये तूही आहेस, खारूताई. तुझं नाव नाही, पण तू आहेस. सुट्टीनंतर दादाने गाडी पुन्हा त्या प्रश्नाकडे वळवली तिथे टायपिस्टने लिहिलंय, ‘प्रेक्षकांतील एका महिलेस खोकल्याची उबळ आल्याने कामकाज क्षणभर थांबले.’ पुढे दिव्याचा प्रश्न. मग पुन्हा, ‘सदर महिलेस पुन्हा उबळ. न्यायाधीशांनी बाहेर जाऊन पाणी पिण्यास सांगितले. महिला बाहेर गेली नाही.’ आणि त्याखाली तो प्रश्न, आणि ते उत्तर. शाळेत सिस्टर व्हरांड्याच्या टोकाला दिसल्या की तू दाराशी उभी राहून खोकायचीस आणि आम्ही सगळ्या पटापट पुस्तकात डोकं घालायचो. तो खोकला मी कुठेही ओळखीन. कागदावरसुद्धा. तू त्याला थांबवत होतीस. त्याने तो प्रश्न आधी विचारलाय, हे त्या भरल्या कोर्टात समजलेली एकटी तू होतीस, आणि तुला बोलायची परवानगी नव्हती.

त्यानंतर मला एकेक आठवायला लागलं. त्या वर्षी तू अचानक रोज कोर्टात यायला लागलीस. विणकाम घेऊन दुसऱ्या रांगेत बसायचीस. बार रूममध्ये आम्ही किती चिडवलं, या वयात प्रेमाला भरती आली म्हणून. तू म्हणायचीस, घरी करमत नाही. गाडी तू चालवायला लागलीस, त्याचा चष्मा जड झालाय म्हणालीस. त्याला फोन केला की आधी तू उचलायचीस, कोणाचा आणि कशाबद्दल ते मोठ्याने म्हणायचीस, मग त्याला द्यायचीस. मला वाटायचं, वयोमानाप्रमाणे बाईला बोलायची सवय लागली. एकदा माझ्या चेंबरमध्ये येऊन त्याने कधीच्या काळी निकाल लागलेल्या एका खटल्याची फाइल मागितली. मी म्हटलं, ती पक्षकार बाई जाऊन जमाना झाला. तो म्हणाला, “मग तिला सांग, आपण जिंकलो.” आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. दादाचा विनोद म्हणून तो आठवडाभर बार रूममध्ये फिरला. या खटल्यानंतर तू सगळ्यांना सांगितलंस, गुडघे दुखतात, आता नवीन काम घेणार नाहीत. आणि मग तो झोपेत गेला. शोकसभेत सगळे म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत बुद्धी तलवारीसारखी. तू पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होतीस. मी तुझा हात धरला होता आणि तो गार होता.

तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलंय. त्याने तुझ्याकडून शब्द घेतला असेल. एवढा एक खटला होऊ दे, मग आपण होऊन थांबतो, असं म्हणाला असेल. त्याच्याकडून गाऊन काढून घ्यायचा म्हणजे त्याची कातडी सोलण्यासारखं होतं. तू प्रयत्न केलास की त्याला सांभाळून पलीकडे न्यावं, कोणाच्या लक्षात न येता. जवळजवळ नेलंसही. मी तुला दोष द्यायला बसलेली नाही. माझं म्हणणं ऐकून तरी घे.

एक दुपार तुला आठवते का बघ. तो जाण्याच्या थोडे दिवस आधीची. मी आले होते, तो खिडकीशी पायांवर शाल घेऊन बसला होता आणि तू स्वयंपाकघरात होतीस. त्याने माझं मनगट धरलं आणि अगदी त्याच्या जुन्या आवाजात, स्वच्छ, विचारलं, “त्या शेजाऱ्याला मी दोनदा विचारलं का गं?” मला काही अर्थबोध होईना. तू आतूनच म्हणालीस, “छे हो. एकदाच. किती वेळा सांगायचं तुम्हाला.” त्याने मनगट सोडलं आणि तो बाहेर बघायला लागला. तेव्हा मी ते विसरून गेले. आता रोज ऐकू येतं. रेकॉर्ड बंद करून कपाटात ठेवलं तरी येतं. कोर्टात दुसऱ्याच कोणाचं अपील चालवत असते, मागून कोणीतरी हळू आवाजात विचारतं, दोनदा विचारलं का गं. मागे बघायचं नाही असं ठरवते आणि तरी बघते. मागच्या बाकावर ती बहीण बसलेली असते, पिशवी मांडीवर घेऊन. तिचा खटला नसतो त्या दिवशी, तरी असते. म्हणजे त्याला कळलं होतं, खारूताई. बाकी सगळं निसटलं, हे एवढं निसटलं नाही. किती वेळा सांगायचं, म्हणालीस. म्हणजे त्याने तुला किती वेळा विचारलं असेल, आणि तू किती वेळा त्याच्यावर माया म्हणून खोटं बोलली असशील, याचा विचार मनात आला की माझी लेखणी पुढे सरकत नाही.

कायद्याचं सांगते, साध्या शब्दांत. वरचं कोर्ट वकिलाच्या डावपेचात शिरत नाही. वकिलाने एखादा प्रश्न का विचारला, हे ते विचारत नाही. विचारला म्हणजे विचार करून विचारला, असंच धरतं, आणि दादाच्या बाबतीत तर शंभर टक्के धरणार. त्यामुळे नुसती पानं दाखवून काही होणार नाही. बाईंना नव्याने खटला मिळेल तो एकाच गोष्टीवर, की त्या दिवशी त्यांच्यासाठी उभा असलेला माणूस आपण काय विचारतोय हे जाणण्याच्या अवस्थेत नव्हता. मी जे पाहिलं ते मी शपथेवर लिहून सही केली आहे. म्हणजे आता मी साक्षीदार झाले आणि हे अपील मला चालवता येणार नाही. कागद मी दुसऱ्या एका वकील बाईकडे सोपवलेत, हुशार आहे, माझ्याहून तिखट आहे. तारखेला मी मागच्या बाकावर बसेन, त्या बहिणीशेजारी. पण फाइलच्या एका विनोदावर कोणी कोणाची जन्मठेप उठवत नाही. घरात काय होतं ते फक्त तू पाहिलंस. डॉक्टर कोण होते ते तुला माहीत आहे. कोर्टात का खोकलीस ते तुला माहीत आहे.

तेव्हा हे पत्र भाषणासाठी नाही. मला तुझं प्रतिज्ञापत्र हवंय. तू सही केलीस तर काय होईल तेही लपवत नाही. बार रूममध्ये कुजबूज होईल. त्या वर्षातले त्याचे इतर निकाल लोक उकरतील. तैलचित्राचा कार्यक्रम कदाचित पुढे ढकलतील, कदाचित चित्र भिंतीकडे तोंड करून कुठल्यातरी खोलीत पडून राहील. नाही म्हणालीस तर नवी वकील तुझ्या नावाने समन्स काढेल. मी तिला अडवणार नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मग तुला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल आणि कोणीतरी परका तुला विचारेल, ठाऊक असूनही गप्प का राहिलात. ते उत्तर तू पहिल्यांदा त्या परक्याला द्यावंस असं मला वाटत नाही. रविवारी सकाळी मी येते. टायपिस्ट नको, कोणी नको, आपण दोघीच टेबलाशी बसू. तुला वाटेल तिथून सुरुवात कर, हवी तेवढी थांब, रडावंसं वाटलं तर रड, ते मी कागदावर घेणार नाही. तू बोल, मी लिहीन. लिहून झालं की तुला वाचून दाखवीन आणि तू सही करशील. आणि सही झाली की मी त्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहीन आणि त्याला सांगेन, हो दादा, दोनदा विचारलंस, आणि आम्ही दोघींनी ते सांगितलंय.

तुझीच,
आधी शाळेच्या बाकावरची, मग नणंद